कच्ची कीर्द

दर महिन्याच्या पाच तारखेला हेमराज पुण्याहून
अकरा हजार पाठवतो, खाली लिहितो :
हिशोब टाक, ताई. घाई नाही.
घाई नाही म्हणजे रात्रीपर्यंत.

मी वही काढते. लांबट, लाल कापडी पाठीची,
बाबांच्याच पेढीवरून उरलेली,
वर छापलेलं साल दोन हजार तीन.
डायपर, मोठं माप, तीन पाकिटं.
रक्त पातळ करायची गोळी
मेयोसमोरच्या जेनेरिकमध्ये एकशे आठनं स्वस्त,
ऑटोचे जायला-यायला ऐंशी,
म्हणजे वाचले अठ्ठावीस.
तरी जाते. तेवढाच अर्धा तास माझा.
तो लिहीत नाही.

कूलरच्या ताट्या, चारशे वीस. यावरून वाद झाला.
हेमराज म्हणाला, कूलर तर सगळ्यांसाठीच असतो ना?
पाचपावलीत, पत्र्याखाली, नवतप्यात
सगळे म्हणजे बाबा आणि मी.
ताट्या निम्म्या केल्या. दोनशे दहा त्याच्या नावे,
दोनशे दहा माझ्या पिको-फॉलच्या पैशांतून.
वारा मात्र मधोमध कापता आला नाही.

बाबांनी दुपारी तीनला तर्री-पोहा मागितला.
आणला. त्यांनी दोन घास खाल्ले, बाकीचा मी.
आता हा कुणाच्या खात्यात?
शेवंताच्या पोराला वीस रुपये, अधूनमधून,
कारण ती आली नाही तर
बाबांना कुशीवर वळवायला दोन हात पुरत नाहीत.
हेमराज दिवाळीला येऊन गेला
तेव्हा त्याच्या पिशवीत घातलेला संत्रा बर्फीचा डबा.
माझी दाढ. डॉक्टरनं साडेतीन हजार सांगितले.
लवंग घरात होती.

काल रात्री बेरीज जुळेना. शंभर कमी.
तीनदा मांडली, तीनदा कमी.
बाबा इतवारीच्या सूतपेढीवर एकतीस वर्षं मुनीम.
आता मला कधी आत्या समजतात,
कधी पोस्टातली बाई,
कधी काहीच नाही.
वही त्यांच्या मांडीवर ठेवली, उगाच.
त्यांनी बोट जिभेला लावून पान उलटलं,
बोट आकड्यांवरून खाली उतरलं,
थांबलं, दोन ओळी वर गेलं.
"हातचा सोडला तू इथं."
खरंच सोडला होता.

मग म्हणाले, "अन् बाईचा पगार?"
कोणती बाई, बाबा?
"रात्री उठते ना, ते. पाणी देते.
लिहिलाच नाही. असं चालत नाही बाप्पा,
मालक विचारतील."
किती लिहू?
कूलरच्या घरघरीकडे पाहत राहिले कितीतरी वेळ.
वाटलं, गेलं सुटून.
"सहाशे," म्हणाले. "पण दोन खाडे काप.
लग्नाले गेली होती."

गेले होते. फेब्रुवारीत, भंडाऱ्याला,
वंदनाच्या पोरीच्या लग्नाला, दोन दिवस.
तेव्हा यांना दिवस कळत नव्हता की रात्र.
वीस रुपये रोज, दोन रोज, चाळीस.
मी लिहिलं : बाई, पाचशे साठ.

फोटो काढताना अंगठा त्या ओळीवर ठेवला होता.
मग काढला.

सकाळी हेमराजचा निरोप :
नवी बाई ठेवली का? स्वस्त आहे.
हिला सोडू नको.

अजून उत्तर दिलं नाही.
नळ जाईल सातला,
आधी कूलरमध्ये पाणी भरायचंय.