दोनशे पंधरावी ओळ

झेस्टापोनीच्या पीठगिरणीत
सोमवारी नवी सिस्टिम सुरू व्हायची होती.
तीन आठवडे मी तक्ता भरत होतो:
गोणी आली, गोणी गेली, बिल फाडलं,
वजनाच्या रकान्यात मुद्दाम मुलीचं नाव लिहून पाहिलं.
दोनशे चौदा ओळी. सगळ्या हिरव्या.

गोचा म्हणाला, झालं, आता वाईन काढू.

त्सिआला खुर्चीतून उठली नाही.
एकतीस वर्षं वहीत हिशेब,
पेन्सिल कानामागे.
"ट्रक अर्ध्या वाटेतून परत आला तर?"
म्हणजे?
"पुलावर पाणी. वरच्या गोण्या कोरड्या, खालच्या भिजलेल्या."

तसा एक ट्रक मी सोडला, पडद्यावरचा, खोटा.
निघाला आणि कुठेच पोचला नाही.
गिरणीत नाही, बेकरीत नाही,
चाळीस गोण्या पीठ अधांतरी.

सोमवारचा गुरुवार झाला.
बुधवारी रात्री दोनला ट्रक एकदाचा परत आला,
आणि सिस्टिमने विचारलं: कारण?
यादीत संप होता, बिघाड होता,
गिऱ्हाइकाचा नकारही होता.

'इतर'च्या कोऱ्या चौकटीत
त्सिआलाने एका बोटाने,
अक्षर शोधत शोधत
लिहिलं:
नदी.