दीड तास मागे

बॅगेतून आणलेल्या घड्याळाला मी हात लावलेला नाही.
ते अजून माहे बेटावरच चालतं,
मुंबईच्या दीड तास मागे.
इथं कुकरची तिसरी शिट्टी होते
तेव्हा तिकडे हा दाढी करत असतो,
एकटा, खोक्यांच्या मधे उभा राहून.

आम्ही दोघी पुढे आलो, शाळेसाठी.
वर्ग एप्रिलला सुरू होतात,
बदलीच्या कागदावर मे महिना.
कागदाला पोर नसतं.

नेव्ही नगरातलं क्वार्टर, चौथा मजला.
पलंग, टेबल, खुर्च्या,
सगळ्यांच्या पाठीवर पांढरे आकडे.
शमिका खुर्ची उलटी करून वाचते
आणि तिला त्याच नंबरानं हाक मारते.
गॅसचा नंबर लागला. कॅन्टीनचं कार्ड अजून नाही.
नळ गळतो म्हणून तक्रारवहीत लिहायला गेले,
तर वरच्या ओळीत तीन महिन्यांपूर्वीची तक्रार:
तोच नळ, वेगळं अक्षर,
वेगळं आडनाव.

रात्री फोनवर यादी.
सतराव्या खोक्यात मिक्सर, लिही.
लिहिलं. किंमत?
जुना आहे. पाचशे टाक.
कस्टमवाल्यांना प्रत्येक वस्तूचं वय हवं असतं.
मग तो जरा थांबून विचारतो, शंखांचं काय?
सत्तावीस शंख, चपलांच्या खोक्यात, कापसात ठेवलेले.
परवान्याशिवाय नेता येत नाहीत.
दुसऱ्या दिवशी ड्यूटीच्या आधी
त्यानं ते किनाऱ्यावर परत नेऊन ठेवले,
आणि मला फोटो पाठवला.
तिला मी अजून दाखवलेला नाही.

कुलाबा मार्केटात तिनं मासेवालीला विचारलं,
"बूर्झवा आहे?"
मासेवालीनं माझ्याकडे पाहिलं.
मी बोटानं लाल मासा दाखवला.
"ही होय! तांबोशी म्हण गो बाय, तांबोशी."
घरापर्यंत ती तेच घोकत आली,
तांबोशी तांबोशी,
आणि दुसऱ्या मजल्यावर थांबून म्हणाली,
पण तिचं खरं नाव कुठलं?

ट्रंका जाताना दिराकडे ठेवल्या होत्या,
करी रोडला, पोटमाळ्यावर.
आज टेम्पोनं आल्या.
उघडल्या तर डांबरगोळ्यांचा वास
आणि चार वर्षांच्या मुलीचे स्वेटर.
"हे कुणाचे?" शमिकानं विचारलं,
पाहुण्यांच्या घरी विचारावं तसं.

झाकणावर पांढऱ्या रंगात तांडेल, आणि हुद्दा,
जो आता जुना झाला.
त्याखाली कोची.
त्याखाली, उजेड तिरका पडला तरच,
विशाखापट्टणम.
इस्माइल पेंटर उकिडवा बसला,
नखानं एक पोपडा उचलून म्हणाला,
"खरवडू, की वरूनच मारू?"
वरूनच मारा.
"फुगतो मग रंग. चार-पाच थर झालेत."
फुगू दे.

तळाशी पडदे निघाले.
विशाखापट्टणमला ते जमिनीवर लोळायचे,
कोचीला मी दुमडून शिवले,
इथं टीप उसवली, इस्त्री फिरवली,
तरी खिडकी जिंकलीच.
खालच्या फटीतून दिसते
समोरची बाल्कनी, दोरीवर एक पांढरा युनिफॉर्म,
बाह्यांना चिमटे,
आणि मागे थोडंसं पाणी.

साडेदहाला फोन आला. त्याचे नऊ.
तेहतीस खोकी झाली म्हणाला,
पंखा कुणाला देऊ ते ठरत नाहीये,
शेजारणीनं फणस पाठवलाय, एकट्यानं कसा संपवू.
आणि घर? घर कसं आहे?

मी भिंतींकडे पाहिलं. छताकडे.
सांगितलं, पडदे वीतभर आखूड आहेत.

"मग बरंय," तो म्हणाला,
"मला वाटलं भलतंच घर दिलं की काय."