हळदीच्या रात्री

घणसोलीच्या गावठाणात दोन घरांमधून
माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट,
आणि त्या वाटेच्या तोंडाशी आज
छपराला टेकलेले स्पीकर.
मामाच्या भावेशची हळद.

तन्मेश माडीवर. कानांवर निळे हेडफोन.
त्याला कुणी नाचायला बोलवत नाही.
तीन वर्षांचा असताना पाहुण्यांदेखत
खिडकी अडतीस वेळा उघडली, लावली,
एकोणचाळिसाव्यांदा बाबांनी हात धरला
तर डोकं भिंतीवर.
मग वाशीला, सेक्टर सतरात, कागद मिळाला.
ऑटिझम.
आईनं कागदाला लॅमिनेशन करून घेतलंय.

मला कागद नाही.
मी तीन वर्षांची होते तेव्हा गुणाची होते.
बटणांचा डबा दिला की दुपार जायची:
दोन भोकांची इकडे, चार भोकांची तिकडे,
रंगाशी माझं काही देणंघेणं नव्हतं.
त्यानं गाड्या ओळीत लावल्या, डॉक्टरांनी लिहून घेतलं.
मी बाहुल्या ओळीत झोपवल्या,
काकी म्हणाली, "संसार करील गो ही नीट."

चौथीत मी पूर्वा केणीला पाठ केलं,
तेराचा पाढा करत होते त्याच आठवड्यात.
आधी मान मागे, मग तोंडावर हात,
मग शेजारणीच्या खांद्यावर चापट: हे हसणं.
नववीत ती ऐरोलीला राहायला गेली.
हसू माझ्याकडेच राहिलं.
अजून तेच वापरते.
मुलाखतीत वापरलं, नोकरी लागली.

गुरुवारी तन्मेशला थेरपीला मीच नेते.
ताई त्याला शिकवतात: कुणी विचारलं कसा आहेस,
तर मी बरा आहे म्हणायचं, आणि उलट विचारायचं.
काचेबाहेर बसून मी मान हलवते.
उलट विचारायचं, हे शोधायला मला
सातवीचं अख्खं वर्ष लागलं होतं.
घरी येऊन दिवा न लावता मोरीत बसायचं,
बादली भरेपर्यंत,
हे त्यांच्या तक्त्यात नाही.
एकदा ताई म्हणाल्या, "मुलग्यांमध्ये जास्त असतं हे."
दिसतं जास्त,
मी मनात दुरुस्त केलं
आणि पूर्वासारखी हसले.

"हस गो कुंजल, पावनी बगतान."
आईचं खरंच आहे, पाहुणे बघतात.
मी नाचते. ऋतिकाच्या पायांकडे बघून,
तिच्यामागे अर्धा ठोका.
ढोल दाढांत वाजतो.
गालावरची हळद वाळून कातडी ओढते,
मटणाच्या टोपाचा वास, अत्तर, जनरेटरचा धूर,
आणि चेहरा आपल्या जागी. शाबास.

ताट द्यायच्या निमित्तानं वर गेले.
भात वेगळा, रस्सा वेगळा, मध्ये पापडाची भिंत.
तो ताटाकडे बघून म्हणाला,
"तू पण करतेस."
"काय?"
"अंगठा. साडीच्या काठावर. चार वेळा, मग थांबतेस,
मग चार. मावशी असली की पदराखाली."

बावीस वर्षांत कुणी नाही.
सगळे चेहऱ्याकडे बघत होते,
आणि चेहऱ्यावर मी फार मेहनत घेतली होती.
हा कुणाच्या डोळ्यांत बघत नाही,
त्याच्याही कागदावर तसं लिहिलंय, दोषांच्या रकान्यात.
म्हणून याला हात दिसले.

हेडफोन त्यानं दिले नाहीत. त्याचे आहेत ते.
चटईवर थोडा सरकला,
स्पीकरकडची खिडकी लावली.
एकदाच.

खालून हाक आली, फोटोला ये गो.
पूर्वा उठायला निघाली, मी तिला बसवलं.
अंगठा पदराबाहेर होता.
चार. थांबले.
चार.