थ्री-फेजचं मीटर

माग भंगारात गेले, त्याच्या दुसऱ्या सकाळी कळलं
शेड एवढी मोठी आहे.
फरशीवर तेलाचे चार काळे चौकोन,
भिंतीवर थ्री-फेजचं मीटर, अजून चालू,
आणि कापसाची धूळ, जी झाडूनही उरते.
नान्ना म्हणाले, मीटर बंद करून टाकू.
मी म्हटलं, राहू द्या.

मागांचे आले ब्याण्णव हजार.
त्यात पुण्याच्या एका बुडालेल्या कंपनीचे दोन सर्व्हर,
एक एसी, बॅटऱ्या,
आणि इंटरनेटच्या लाइनी दोन, वेगवेगळ्या,
कारण अक्कलकोट रोडवर खोदणारा
कधी कुणाची तोडेल, त्यालाही ठाऊक नसतं.

पाटी रंगवणाऱ्या इरण्णाने कागद उलटसुलट पाहिला,
'होस्टिंग' चुकलंय म्हणाला, आणि स्वतःच सुधारून
'हॉस्टेल' रंगवलं.
आठवड्यात मंगळवेढ्याची दोन पोरं
कॉटचं भाडं विचारत आली.
त्यांना पाणी दिलं, सांगितलं,
इथे माणसं राहत नाहीत रे, दुकानं राहतात.
लोक फोनवर जे दुकान बघतात
त्यालाही पाठ टेकायला जागा लागते,
वीज लागते, कुणीतरी जागं लागतं.
धाकटा म्हणाला, मग हॉस्टेलच की.

पहिलं गिऱ्हाईक वडनाल काकू, शेंगाचटणीवाल्या.
वर्षाचे अठराशे? आणि हातात येत काहीच नाही?
शेवटी अर्धे पैसे, अर्धी चटणी.
त्या उन्हाळ्यात आम्ही भाकरीशी
नफा खाल्ला.

बँडमास्तर साहेबलाल फेब्रुवारीत गेले.
मुलगा म्हणाला, पुढचं वर्ष नको, ताई.
काढून टाकायचं बटण लाल असतं.
दर एक तारखेला मी त्याच्यापर्यंत जाते.
निळा कोट, क्लॅरिनेट, लग्नाचे दर,
सगळं मिळून सात एमबी.
सात एमबीचं काय भाडं घ्यायचं.

एप्रिलात पारा चव्वेचाळीसवर, आणि वीज गेली.
बॅटऱ्या चाळीस मिनिटांच्या.
खिडकीला आमच्याच मागावरची शेवटची चादर
ओली करून टांगली, मोराची.
बाहेरून वाफ येत होती, आतून मी
एकेक आकडा उतरताना बघत होते.
अडतिसाव्या मिनिटाला वीज आली.
मोर दोन तासांत कडक वाळला.

नान्नांचे कान मागांनीच नेले, बत्तीस वर्षांत.
त्यांना हाक मारायची तर समोर जावं लागतं.
परवा रात्री अडीचला उठले, शेडमध्ये आले,
कपाटावर तळवा ठेवून उभे राहिले,
ताप बघावा तसे.
खालचा डबा लंगडतोय, म्हणाले.
पडद्यावर सगळं हिरवं होतं.
मी हसले, तरी उघडलं.
पंख्याच्या आसाला गुंडाळलेला
कापूस. आमचाच.

त्यांनी नखाने तो एकेक तंतू सोडवला,
चष्मा नव्हता, घाई नव्हती.
तेवढ्यात फोन वाजला. माझे हात पंख्यात,
उजेड लुकलुकताना पाहून त्यांनीच उचलला.
पलीकडचं त्यांना काही ऐकू गेलं नसणार.
मागावरचा माणूस ओरडूनच बोलतो, तसे ओरडले:
धागा तुटला होता! जोडला! चालू करा!

जरा वेळाने नंबर बघून मी परत लावला.
काकू म्हणाल्या, साइट उघडत नव्हती म्हणून केला होता गं,
पण लागला कुठल्यातरी कारखान्यात.