परिच्छेद सात

कोर्ट नाक्यावर, स्टॅम्पवाल्याच्या बाकड्याला लागून माझं टेबल.
पानाला चाळीस रुपये,
चूक माझी असेल तर दुसरं पान फुकट.
भाडेकरार, वारसाचे अर्ज, नावातले बदल,
आणि आज हवालदार काशीराम खांबे, तोफखाना, निवृत्त,
राहणार खारेगाव, कळवा.

ते आधी खुर्ची फिरवतात, मग बसतात.
उजवा कान माझ्याकडे, डावा रस्त्याकडे.
टीएमटीच्या बशी त्यांच्या डाव्या अंगाने
न वाजता जातात.

वकीलबाई मसुदा देऊन गेल्यात, मी टाइप करते:
की अर्जदार भरती झाला तेव्हा
त्याचे दोन्ही कान धडधाकट असल्याची नोंद
लष्कराच्याच डॉक्टरने, लष्कराच्याच शाईने केली.
की पुढे एकवीस वर्षे तो तोफेपाशी उभा होता.
की मेडिकल बोर्ड म्हणते, बहिरेपण एकोणीस टक्के,
सेवेमुळे आलेले नाही,
सेवेने वाढलेलेही नाही.

मग आलं कुठून?
पण अर्जात प्रश्नचिन्ह चालत नाही.
सबब चालतं. तथापि चालतं.

वीस भरले असते तर पेन्शनला वाट होती.
एक टक्का म्हणजे हो किती, मी विचारते.
ते हसतात, "एक टक्का म्हणजे, बाई,
कुकरची तिसरी शिट्टी."

पहिलं अपील दिल्लीहून परत आलं, दुसरंही.
पाकीट तेच, तारीख नवी.
आता ट्रायब्युनल,
आणि त्यासाठी बायकोचं प्रतिज्ञापत्र.

इंदुमती काशीराम खांबे, वय एकसष्ट, धंदा घरकाम.
पिशवीतून चष्मा काढतात, हातातच ठेवतात.
त्यांच्या नावाने सहा परिच्छेद:
पती सुट्टीवर येत तेव्हा रेडिओ मोठ्याने लावत,
दाराची कडी त्यांना ऐकू जात नसे,
वगैरे, माझ्या माहितीप्रमाणे खरे.

मी वाचून दाखवते. त्या मान हलवतात.
मग म्हणतात, "अजून एक घाला."

"मी याच्या डाव्या अंगाला झोपायचे.
बोलायचं ते रात्रीच,
दिवसभर सासू, दीर, आलं-गेलं.
सुट्टी महिन्याची, आणि हा माणूस
आढ्याकडे बघत गप्प.
मला वाटायचं, तिकडे कुणी आहे याचं.
धाकटं पोर गेलं
तेव्हा रात्रभर बोलत होते मी.
सकाळी मला विचारतो, झोप लागली का गं?
त्यानंतर नऊ वर्षं
मी कामापुरतंच बोलले.
ते घाला."

वकीलबाईंना फोन लावला.
"असंबद्ध आहे. सहाच ठेवा.
आणि नोटरी दोनला उठतो."

पानावर खाली चार बोटं जागा होती.

हवालदार विचारतात, "काय म्हणते ही?"
इतका वेळ त्या त्यांच्या डावीकडे उभ्या होत्या.
मी उजव्या कानाशी वाकले
आणि मला सांगता येईना.
रोज माणसांची भांडणं, दत्तकं, फारकती
शब्दाला शब्द लावून देते मी,
पण एवढं सांगता येईना.
म्हणून टाइप केलं, तेच एक येतं:

७. की उपरोक्त काळात पतीस डाव्या कानाने
ऐकू येत नव्हते, ही बाब प्रतिज्ञार्थीस
ज्ञात नव्हती. सबब

आणि थांबले.
"सबबच्या पुढे काय लिहू, मावशी?"

इंदुमतीबाईंनी चष्मा पिशवीत टाकला.
खुर्चीला वळसा घालून, बाकडं ओढून,
त्या नवऱ्याच्या उजव्या बाजूला बसल्या.

दीड वाजला होता.
मी कीबोर्डवरचे हात काढून घेतले
आणि रस्त्याकडे बघत बसले.