नाश करावयाच्या वस्तूंची यादी

आदेश कन्नडमध्ये आलाय, पंचनामा मराठीत आहे,
आणि मधे मी, अनुवादक, दुसरी श्रेणी,
बेळगावच्या कोर्टात, मुद्देमालाच्या खोलीत
नाकाला रुमाल बांधून स्टुलावर.
जुना खून. सामान नष्ट करायचंय.
त्याआधी एकेका वस्तूचं नाव
या भाषेतून त्या भाषेत पोचवायचं, एवढंच काम.

फाईल मुंबई राज्यात उघडली, म्हैसूर राज्यात मिटली.
मधल्या एका पानावर शिक्का बदलतो.
साक्षीदाराचा अंगठा तोच.

मयत आप्पया खराडे, तोलार, वय चौतीस,
निपाणीच्या तंबाखू वखारीत, काट्याखाली पालथा.
आरोपी तायव्वा, मयताची बायको.

पुडकं सोडलं आणि शिंक आली,
इतक्या वर्षांनी, खरी, डोळ्यांत पाणी आणणारी.
धोतराचा सोगा. पाच शेरी लोखंडी वजन,
त्यावरचा डाग कुठला आणि गंज कुठला
हे आता लोखंडालाही सांगता येणार नाही.
एक लखोटा: हिरव्या काकणांचे तुकडे, नग सात,
प्रेताच्या उजव्या हाताशी मिळाले.

या सात नगांवर तायव्वा हिंडलग्याला गेली.
परतल्याची नोंद मला सापडली नाही.

फोटो तीन. पाठीमागे पेन्सिलीनं, वळणदार:
मकानदार स्टुडिओ, सकाळी सात चाळीस.
हा माणूस एरवी नवरानवरी बसवायचा
पडद्यावरच्या हंसांपुढे, हनुवटी जरा वर म्हणायचा.
त्या दिवशी मापाला काही नव्हतं
म्हणून पोराच्या दप्तरातली सहा इंची पट्टी आणली
आणि आप्पयाच्या कानाशी ठेवली, अगदी सरळ.
पट्टीवर ब्लेडनं कोरलेला 'ह'.
त्या 'ह'पाशी मी किती वेळ थांबले कोण जाणे.
पट्टी पुन्हा दप्तरात गेली असेल का?

मग उजवा हात.
फरशीवर तंबाखूची भुकटी, तीत मांजराची चार पावलं,
निसटून पडलेल्या साखळीची कडी न् कडी मोजता येते.
काच नाही.
भिंग पुसलं. चष्मा पुसला.
काच नाही.

तिसरा फोटो बहुधा चुकून निघालेला.
दारातली गर्दी, दोघींनी धरून ठेवलेली एक बाई.
तोंड हललंय, त्याचा नुसता पांढरा ओघळ,
पण चौकटीला धरलेला हात हललेला नाही.
मनगटावर काकणं. मी मोजली. नऊ.
दुसरा हात पदराखाली, तो मला दिसत नाही, तेही लिहायला हवं.

तुकडे कागदावर ओतले.
एकाच्या आतल्या वळणात शेणाचा पोपडा, बोटानं सुटेना.
वखारीला फरशी होती.
सारवलेला उंबरा घरी होता,
जिथं दुपारी बायकांनी, रीत म्हणून,
तिचे दोन्ही हात दगडावर टेकवले असतील.
त्या रडारडीत कुणीतरी वाकलं, सात तुकडे वेचले.
पंचांच्या सह्यांतली एक फार घाईची आहे.
घाईच्या सहीवर मला कुणाला धरता येत नाही.
तिला मात्र धरता आलं होतं, काचेवर.

माझ्या मनगटात फक्त घड्याळ आहे.
सव्वाचार.

कन्नडमध्ये काकणाला बळे म्हणतात.
लिहिलं आणि मराठी कानानं वाचलं: बळी, नग सात.
खोडलं. पुन्हा लिहिलं.

परगौडा शिपाई दारातून डोकावला, "आयतेन्री?"
"इन्नू इल्ल," मी म्हटलं.
त्यानं गोणपाट आणि हातोडी उंबऱ्याशी ठेवली
आणि चहाला गेला.

काचेच्या वस्तूंपुढे शब्द छापूनच आलाय: फोडून नष्ट.
शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद.
त्यात दोन्ही भाषांत बसवते, बारीक अक्षरात:
फोटो क्रमांक तीन पाहावा.
कुणी पाहावा, ते लिहायला जागा उरत नाही.