घट

राजहंस पुन्हा धावणार असं पेपरात आलं,
त्याच आठवड्यात कंपनीचा माणूस हुपरीला आला.
मोज्यांशिवाय बूट, हातात नकाशा:
एकशे चव्वेचाळीस चमचे,
दांड्यावर मान वळवलेला हंस,
जुन्या गाडीत होते अगदी तसेच.
"पाहुण्यांना वाटलं पाहिजे," तो म्हणाला,
"की मधली चाळीस वर्षं झालीच नाहीत."

मी चहा सांगितला.
साखर ढवळली ती त्याच गाडीच्या चमच्यानं.
त्याचं लक्ष नव्हतं.

आमचे अण्णा, भूपाल पायगोंडा,
त्या गाडीवर चांदी मोजायला होते.
आचारी वेगळे, वाढपी वेगळे.
जेवणं उठली की काटे-चमचे अण्णांपुढे यायचे,
रिठ्याच्या पाण्यात बुडायचे,
मऊ फडक्यात निजायचे, बारा-बाराच्या ओळीत.
मिरज सुटली की मोजणी,
रुकडी यायच्या आत सही.

कोल्हापूरला रूळ संपतात.
इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावेपर्यंत
अण्णा फलाटावर उतरायचे,
माझ्या हातात काहीबाही ठेवायचे.
हंस छापलेल्या कागदातली साखरेची वडी.
कधी नुसताच हात, पॉलिशचा वास असलेला.

शेवटच्या फेरीला वाजंत्री नव्हती.
पेटीत एकशे त्रेचाळीस निजवले,
वहीत एकशे चव्वेचाळीस लिहिले.
त्या वळणदार अक्षरातला
तेवढा एकच आकडा खोटा.
घरी येऊन बंडीतून चमचा काढला
आणि आईकडं न बघता म्हणाले,
पोरीला गुटी द्यायला होईल.

झाला. पोरीला, मग तिच्या पोरांना.
दुधाची खरवड काढून काढून डावी कड झिजली.
हंसाची मान गेली,
राहिला एक फुगीर ठिपका.

जाताना अण्णा शेताबद्दल बोलले नाहीत, घराबद्दल नाहीत.
"गाडी परत आली तर देऊन टाक.
सही माझी आहे."

म्हणून मी एकशे त्रेचाळीसच घडवले.
चांदी आटवली, ठसे मारले, कानस फिरवली,
पद्मलनं रिठ्यात धुतले,
आणि शेवटच्या डझनात बारावा म्हणून
अण्णांचा ठेवला.

स्टेशनरोडच्या लॉजवर तपासणी.
पोरगी तरणी, पांढरे हातमोजे, भिंग, वजनकाटा.
वाईट नव्हती; नमस्कार करून बसली.
एकेक उचलून नकाशाशी लावत गेली.
शेवटच्यापाशी थांबली.
मला वाटलं, ओळखला.

"काका, हा नापास.
दोन ग्रॅम घट आहे, हंसही उमटला नाही.
बाकीचे मात्र अगदी अस्सल."

घट आम्हाला नवी नाही.
आटवताना जाते, घासताना जाते,
आमच्या गावात दुकानातला केर सुद्धा
विकत घेऊन धुणारे लोक आहेत.
पण ही दोन ग्रॅम कुठं गेली
ते त्या पोरीला कसं सांगायचं?
चार लेकरांच्या पोटात गेली, बाई.

रातोरात एक नवा घडवून दिला.
बिल मंजूर झालं.

काल गाडी आली.
हलगी, तुतारी, गोऱ्या डोक्यांवर कोल्हापुरी फेटे.
मी फलाटाचं तिकीट काढून नळापाशी उभा.
रंग तोच, गर्द निळा.
अण्णा बसायचे त्या खिडकीला आता आरसा लावलाय.
इंजिन कुणी सोडवलं नाही.
दोन्ही टोकांना असतंय म्हणे आता,
त्यामुळं कुणाला खाली उतरायचं कारण पडत नाही.

गाडी हलली तसा
जेवणाच्या डब्यातून चमच्यांचा किणकिणाट आला.
माझाच माल. आवाज चांगला होता.
खिशात हात घातला.
तो अंगाच्या उबेनं गरम झालेला.

घरी पद्मलनं विचारलं, दिला का?
मी साखरेचा डबा उघडला.